तिसऱ्या मजल्यावरून परत

उझगेन गावात कोणी अँब्युलन्ससाठी १०३ फिरवलं की बावीस वर्षं पलीकडून एकच आवाज यायचा. "बोला. कोण, कुठे, काय झालंय?" हा आवाज अनारकानचा. जाडसर, ना वर चढणारा ना खाली येणारा. समोरचा रडत असो, किंचाळत असो, शिव्या देत असो, तिचा सूर हलत नसे. तरुणपणी तिने वैद्यकीचं अर्धंमुर्धं शिक्षण घेतलं होतं, नर्सच्या वरचं आणि डॉक्टरच्या खालचं. लग्नानंतर काही वर्षं ती गाडीवर फिरली आणि मग फोनवर बसली ती बसलीच.

गाड्या तीन. त्यातली एक कायम दुरुस्तीला. त्यामुळे कोणाकडे आधी जायचं आणि कोणाला थांबवायचं हे अनारकान ठरवी. छातीत कळ, रक्तस्राव, अडलेलं बाळंतपण, लहान मुलाचा ताप, असा क्रम. आणि सगळ्यांत शेवटी आणखी एक वर्ग होता. जीव घाबराघुबरा होतोय, हात बधिर पडलेत, मी आता मरते, असं सांगणारी माणसं. तिने तीन प्रश्न विचारले की कळायचं, मागच्या आठवड्यातही असंच झालं होतं आणि माणूस मेलेलं नव्हतं. मग ती वहीत 'नर्व्हस' असं लिही आणि सांगे, "पाणी प्या, खिडकी उघडा, पडून राहा. जमलं की गाडी पाठवते." गाडी दीड-दोन तासांनी जाई. तोवर बहुतेकांना झोप लागलेली असे. तिच्या या पद्धतीने कोणी दगावलं नाही आणि हे ती अभिमानाने सांगे.

गावातल्या जुन्या मिनारामागच्या गल्लीत तुर्सुनोय नावाची एक उझबेक म्हातारी राही. ती आठवड्यातून तीनदा तरी फोन करायची. तिचं नाव अनारकान वहीत न विचारताच लिहीत असे.

फेब्रुवारीत एकदा आंघोळ करताना अनारकानच्या हाताला गाठ लागली. डाव्या बाजूला, काखेच्या अलीकडे. तिने दोन दिवस कोणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी नवरा एर्गेश भातगिरणीचा पट्टा बसवत होता तिथे गेली.

"अहो, मला ओशच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. छातीत गाठ आहे."

"कसली गाठ?"

"कापायची."

एर्गेशने यंत्र बंद केलं. त्या दिवशी ते पुन्हा चालू झालं नाही.

शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये झाली. डावा स्तन काढला. अनारकानने सगळं इतकं सहज निभावलं की वॉर्डातल्या बायका तिच्याकडे बघत राहिल्या. चौथ्या दिवशी ती शेजारणीची पट्टी नीट बांधलेली नाही म्हणून नर्सला शिकवत होती. डॉक्टर जिबेक पस्तिशीची, बारीक अंगाची, भराभर बोलणारी बाई. तिने घरी सोडताना सांगितलं, "जखम भरू दे, मग केमोथेरपी. सहा वेळा, दर एकवीस दिवसांनी. पहिली एकोणीस मेला. तोवर पाच आठवडे आहेत. खा, प्या, हिंडा."

या पाच आठवड्यांनीच सगळा घोटाळा केला. कापण्याआधी तिला विचार करायला सवडच मिळाली नव्हती. तपासण्या, कागद, तारीख, आणि झालं. आता घरात बसून सवडच सवड होती.

वॉर्डात अलाय डोंगराकडची सोनुनबुबू नावाची एक बाई तिच्या शेजारच्या खाटेवर होती. तिचे तीन डोस झालेले होते. ती हसत हसत सांगायची, "औषध लालभडक असतं गं. आम्ही त्याला कोम्पोत म्हणतो. चेरी पाण्यात उकळून प्यायला करतो ना आपण, अगदी तस्सा. मग दोन दिवस लघवीपण लाल. पंधराव्या दिवशी केस हातात येतात, कसर लागलेल्या कातड्यावरची लोकर निघते ना, तसे." तेव्हा अनारकानही हसली होती. पण घरी आल्यावर तिने कपाटातलं जुनं पुस्तक काढलं. त्यात त्या लाल औषधाबद्दल दोन ओळी होत्या. हृदयावर परिणाम होऊ शकतो. किती जणींना, कधी, किती डोसांनंतर, काहीच लिहिलेलं नव्हतं. मुळीच माहिती नसती तर ती झोपली असती. पुरती माहिती असती तरी झोपली असती. अर्ध्या माहितीने तिची झोप उडाली.

तिचा घास तोंडात फिरू लागला. कोणी भांडं आपटलं तरी ती दचके. बसल्या बसल्या तिची दोन बोटं मनगटावर जायची आणि ती ठोके मोजायची. अठ्ठ्याऐंशी. शहाण्णव. एकदा एर्गेशने विचारलंही, "म्हातारे, मनगटावर काय शोधतेस सारखं?"

"घड्याळ बिघडलंय."

"तुझं घड्याळ तर भिंतीवर आहे."

"मग तिकडे बघा ना तुम्ही, माझ्याकडे काय बघता!"

मुलगा रशियात कामाला होता आणि त्याची बायको बेगिमाय घरी. सून कामसू आणि अबोल. सासूला गरम होतं म्हणून तिने एकदा मागच्या वर्षीच्या बरणीतल्या चेरींचा कोम्पोत केला आणि गार करून आणला. अनारकानने पेल्याकडे पाहिलं, उठली आणि तो सगळा अंगणातल्या जर्दाळूच्या बुडाशी ओतला.

"हे असलं लाल पाणी माझ्यापुढे आणायचं नाही!"

बेगिमायने रिकामा पेला उचलला. थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरात आईशी फोनवर हळू बोलत होती, "आई, यांना माझ्या हातचं काही नकोसंच झालंय." अनारकानने ते ऐकलं. ती जर्दाळूखाली जाऊन बसली.

भेटायला माणसं येत. येताना नान आणत, साखर आणत, प्रार्थनेचे हात चेहऱ्यावरून फिरवत. नणंद तर येता-जाता तेच म्हणे, "तू काय बाई, निम्मी डॉक्टर. आमच्यावर आलं असतं तर कधीच हातपाय गाळले असते." हे ऐकल्यावर अनारकानला बोलायची सोयच उरत नसे. ती चहा ओतत राही.

एकोणीस मेला एर्गेशने तिला ओशला नेलं. पुरुषांना वर सोडत नसत, म्हणून तो फाटकाशी थांबला. अनारकान एकटी तीन जिने चढली. खोलीचं दार उघडंच होतं. आत सहा खुर्च्या, सहा स्टँड. एका खुर्चीत रुमाल बांधलेली एक बाई बसून सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होती. तिच्या हातात जाणारी बारीक नळी लाल होती. भिण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. कोणी ओरडत नव्हतं, कोणी रडत नव्हतं. पण अनारकानच्या बोटांना मुंग्या आल्या, मग ओठांना, आणि पायाखालची फरशी जणू कोणी काढून घेतली.

"असानोव्हा!" आतून नर्सने तिला आडनावाने हाक मारली. "असानोव्हा आली का?"

असानोव्हा दाराबाहेर चार पावलांवर उभी होती.  कठडा धरून ती खाली उतरली.

एर्गेश झाडाखाली मांस भरलेला गरम सामसा खात होता. तो उठला. "झालंसुद्धा?"

"रक्त कमी आहे म्हणाले. दहा दिवसांनी बोलावलंय."

बावीस वर्षं लोकांच्या तोंडून खरं काढणारी ही बाई इतक्या सफाईने खोटं बोलली की तिचं तिलाच नवल वाटलं. दोन दिवसांनी दवाखान्यातून फोन आला तर म्हणाली, मुलगा रशियातून येतोय, घरात गडबड आहे. मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मग घरात तिचं रक्त वाढवायची मोहीम सुरू झाली. बेगिमाय रोज कलेजी करी. शेजारच्यांनी घोड्याचं मांस पाठवलं. नणंद बीट घेऊन आली. एर्गेश डाळिंबाच्या रसाच्या बाटल्या घेऊन आला आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने पेला भरून समोर धरू लागला. तो रसही लालच. पण पेला नवऱ्याने धरलेला, शिवाय खोटं आपलंच. ती डोळे मिटून प्यायची.

सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास घरात कोणी नव्हतं. बेगिमाय बाजारात गेली होती आणि एर्गेश गिरणीवर. अनारकान कांदा चिरत होती. एकाएकी छातीत धडधड सुरू झाली, ती थांबेना. श्वास वरच्या वर राहू लागला. हात लाकडासारखे झाले. आता हृदय बंद पडणार याची तिला खात्रीच पटली. तिने १०३ फिरवलं.

"बोला. कोण, कुठे, काय झालंय?"

हे शब्द तिचेच. तिच्या जागी बसलेल्या मुहब्बत नावाच्या मुलीला तिनेच ते पढवले होते.

"हृदय... छाती... मरतेय मी. गाडी पाठव."

"पत्ता सांगा."

अनारकानला घराचा नंबर आठवेना. या एका गोष्टीवरून तिने शेकडो लोकांना झापलं होतं.

"नाही आठवत? असू दे. दारातून काय दिसतं ते सांगा."

"भातगिरणी... निळं फाटक."

"गाडी निघाली. फोन ठेवू नका. माझ्याशी बोलत राहा. घरात कोण आहे?" मग थोडं थांबून पलीकडचा आवाज बदलला, मोठ्या बहिणीला हाक मारावी तसा. "एजे? अनारकान-एजे, तुम्ही आहात?"

गाडीवर तोलोगोन होता. बाप्या माणूस, चाळिशीचा, अनारकानच्या हाताखाली शिकलेला. त्याने तिला भिंतीशी टेकवून बसवलं, तारा लावल्या, हृदयाच्या आलेखाची पट्टी काढली. तोवर तिचा श्वास थोडा खाली बसला होता. तिने पट्टी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि इंच न् इंच वाचली. पट्टीत काही दोष नव्हता.

"माझ्यापेक्षा चांगलं चाललंय," तोलोगोन म्हणाला.

"मग हे होतं काय?"

तोलोगोन तारा गुंडाळू लागला. "एजे, वहीत काय लिहायचं ते तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"नर्व्हस."

"हं."

"म्हणजे काही नव्हतंच."

"नाडी एकशे अठ्ठावीस होती मी आलो तेव्हा. ती काय नाटक करत होती?"

तो गेल्यावर तिने मुहब्बतला फोन केला. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. "मी होते म्हणून गाडी लगेच सोडलीस ना?"

"नाही हो एजे. गाडी सुटली तेव्हा कोण बोलतंय ते मला कुठे माहीत होतं?"

"नर्व्हसची गाडी? लगेच?"

"मोकळी होती. मोकळी असली की सोडते." मुहब्बत जरा चाचरली. "त्या तुर्सुनोय-आपांकडेसुद्धा. तोलोगोन रक्तदाब बघतो, चहा पितो, येतो. आता त्या आठवड्यातून एकदाच फोन करतात."

अनारकानने फोन ठेवला. मोकळी गाडी तिच्या वेळीही अंगणात उभी असायची. कोणी खरा आजारी निघाला तर असू दे, म्हणून ती ठेवून द्यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन नान रुमालात बांधून ती मिनारामागच्या गल्लीत गेली. बावीस वर्षांत तिने हे घर पाहिलेलं नव्हतं. एक खोली, पुढे छोटा ओटा, ओट्यावर पातळ गादी टाकून तुर्सुनोय-आपा बसलेली. चिपाडासारखी बाई, पण डोळे तरतरीत.

"आपा, मी अनारकान. अँब्युलन्सच्या ऑफिसातली."

म्हातारीने मान वर केली. "ती होय! पाणी प्या, खिडकी उघडा, पडून राहा. तीच ना गं तू?"

"तीच."

"अगं बाई, माझ्या खोलीला खिडकीच नाही!" म्हातारी खुदखुदली. "नऊ वर्षं मला खिडकी उघडायला सांगतेस. बघ ना आत जाऊन. हे एवढं दार आहे."

अनारकानने खरंच आत डोकावून पाहिलं. खिडकी नव्हती.

"रागावलात का माझ्यावर?"

"रागावून कुणाला फोन करणार होते? तुझा आवाज आला की निम्मं ओसरायचं. पलीकडे कोणीतरी बसलंय एवढं कळायचं." तिने नान मोडून एक तुकडा अनारकानच्या हातात दिला. "पण गाडी वेळेवर पाठवली असतीस तर बरं झालं असतं हो."

अनारकानने तुकडा तोंडात घातला, चावला आणि गिळला. मग म्हणाली, "आपा, कसं होतं हो तुम्हाला? म्हणजे येतं तेव्हा."

"तुला कशाला?"

"मला होतं."

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. "पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी. तसा पाय खाली जातो, जातो, टेकतच नाही."

"आणि ओठ?"

"मुंग्या."

"बोटंसुद्धा?"

"डाव्या हाताची आधी."

"माझी दोन्ही एकदम." दोघी तासभर या गोष्टी पडताळून पाहत बसल्या, एखाद्या पदार्थाची कृती जुळवावी तशा. म्हातारीला ते नवरा गेल्याच्या वर्षी सुरू झालं होतं. त्यावर इलाज तिच्याकडे काही नव्हता. ते येतं, थोड्या वेळाने जातं, आणि दर वेळी यातून आपण उठणार नाही असंच वाटतं, एवढं तिला ठाऊक होतं. निघता निघता अनारकानने तिला तिसऱ्या मजल्यावरचं सगळं सांगून टाकलं.

"मी पळून आले, आपा."

"मग जाऊन सांग."

"कोणाला?"

"ज्याच्याशी खोटं बोललीस त्याला. मला सांगून काय होणार? मी थोडीच तुला ओशला नेणार आहे!"

संध्याकाळी जेवताना एर्गेशने रसाचा पेला पुढे केला तेव्हा अनारकानने तो बाजूला सारला. रक्त कमी नाही, कोणी परत पाठवलं नाही, मी आतच गेले नाही, असं तिने एका दमात सांगितलं. बेगिमाय दारात भांडी घेऊन उभी होती, तीही थबकली.

एर्गेशने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "मी खाली सामसा खात होतो. तू वर..."

"हो."

"मला हाक का नाही मारलीस?"

"पुरुषांना वर सोडत नाहीत."

"माणसाला सोडत नसतील. हाक तर खाली येते ना?"

 अनारकानने मान फिरवून सुनेला म्हटलं, "आणि तू. तुझ्या हातचं नको नव्हतं मला. रंग नको होता. ते औषध तसलं असतं म्हणे."

बेगिमायने भांडी खाली ठेवली. "मग सांगायचं ना, आई. जर्दाळूचा केला असता."

ओशला डॉक्टर जिबेक तिच्यावर ओरडली नाही. अनारकान ओरडून घ्यायच्या तयारीने गेली होती, त्यामुळे ती जरा गोंधळलीच. जिबेकने फक्त विचारलं, "झोप किती लागते? खरं सांगा, तुम्ही आमच्यातल्या म्हणून गप्प बसू नका."

"दोन तास. तीन."

"औषध न घेता परत गेलेली तुम्ही या वर्षी चौथी. एक तर खुर्चीत बसून, सुई लावल्यावर उठून गेली." तिने हृदयाच्या तपासणीचा कागद काढला आणि आकडा बोटाने दाखवला. "हे तुमचं हृदय. दर दोन डोसांनी पुन्हा बघणार. बिघडायला लागलं तर औषध बदलणार. हे मी आधीच सांगायला हवं होतं. तुम्हाला माहीत असेल असं धरून चालले, ती माझी चूक. दहा दिवसांनी काही बिघडत नाही. पण दीड महिना घालवला असतात, तर मात्र बिघडलं असतं."

तिने झोपेसाठी अर्धी गोळी लिहून दिली आणि त्याच इमारतीत गुरुवारी येणाऱ्या मानसोपचाराच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे अनारकान पुढच्या महिन्याभरात दोनदा गेली. त्या माणसाने तिला श्वास मोजून सोडायला शिकवलं. ती लोकांना फोनवर सांगायची त्याहून ते फार वेगळं नव्हतं, फक्त सावकाश होतं आणि कोणीतरी समोर बसून करून घेत होतं. त्याचा थोडा उपयोग झाला. फार नाही.

एकोणतीस मेला ती पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेली. या वेळी हाक यायच्या आधीच आत शिरली आणि नर्सला म्हणाली, "मी असानोव्हा. सुई लावल्यावर माझा श्वास चढेल, हात बधिर होतील. घाबरू नका. आणि निदान दहा मिनिटं माझ्यापासून हलू नका." नर्सने स्टूल ओढलं. लाल औषध नळीतून उतरू लागलं. सातव्या मिनिटाला ते आलंच. फरशी गेली, ओठ गेले. नर्सने तिचं मनगट धरलं आणि स्वतःच्या मुलीच्या शाळेबद्दल काहीबाही बोलत बसली. एकविसाव्या मिनिटाला ते ओसरलं. औषध अजून अर्धं बाकी होतं.

परतीच्या वाटेवर अनारकानला दोनदा ओकारी झाली. केस सोनुनबुबूने सांगितल्याच्या दोन दिवस आधी गेले. चौथ्या डोसाला हाताची शीर सुजली आणि आठवडाभर हात वर होईना. एर्गेश पुलाव करायला शिकला, तो चांगला होत नसे, पण कोणी तसं म्हणत नसे. शेवटचा डोस अकरा सप्टेंबरला झाला. तेव्हा खाचरांत भात पिवळा पडायला लागला होता आणि एर्गेश गिरणीच्या साफसफाईत अडकला होता, म्हणून ती गावातल्या आणखी दोघींबरोबर भाड्याच्या गाडीने गेली आणि आली.

पुढच्या वसंतात ती कामावर परतली, फक्त दिवसपाळीला. तिचा आवाज तसाच जाडसर राहिला. पत्ता न सांगणाऱ्यांना ती अजूनही झापते. दर सहा महिन्यांनी तिला तपासणीला ओशला जावं लागतं, आणि त्याच्या आधीचा आठवडा वाईट जातो. घास फिरतो, बोटं मनगटावर जातात. फरक एवढाच की ज्या दिवशी हे सुरू होतं त्या दिवशी ती गिरणीत जाऊन एर्गेशला सांगते. तो पट्टा उतरवतो, हात पुसतो आणि तिच्याबरोबर घरी येऊन बसतो.